दोन घडवणाऱ्या

घडवणारी एकच असते. एका किनाल्दाला दोन घडवणाऱ्या आल्याचं मी माझ्या शेहेचाळीस वर्षांत ऐकलेलं नाही. आणि लुकाचुकाईच्या पंचक्रोशीत जे मी ऐकलेलं नाही ते घडलेलंच नसतं, असं माझी बायको म्हणते. कौतुकाने म्हणत नाही ती.

माझ्या धाकट्या बहिणीची, व्हर्नाची, थोरली पोर शांडीन. तेरा वर्षांची. गुरुवारी पोरीला न्हाण आलं आणि शुक्रवारी आमच्या आईने सगळ्या नातेवाइकांना निरोप धाडले. चार दिवसांची किनाल्दा, म्हणजे पोर बाई झाल्याचा विधी, घरचं मेंढरू कापायचं, कुणी कारणं सांगायची नाहीत. शनिवारी सकाळी मी आणि व्हर्नाचा नवरा डेल्बर्ट होगानबाहेर, आमच्या माती-लाकडाच्या जुन्या घराबाहेर, सीडरची लाकडं फोडत होतो. खरं तर मीच फोडत होतो. आमच्यात जावयाने सासूच्या नजरेला पडायचं नसतं, आणि त्या सकाळी आई दर पाच मिनिटांनी दाराशी येत होती. डेल्बर्टचा अर्धा वेळ ढिगाऱ्यामागे उकिडवं बसण्यातच गेला.

"गेल्या का?" तो खालून विचारायचा.

"गेली. ऊठ, कुऱ्हाड घे."

"दादा, पाणी पिऊन घेतो आधी."

असा जावई.

पहिला पिकअप आला तो आयलीनताईचा. ताई आमच्यात सगळ्यांत मोठी, एक्कावन्न वर्षांची. लाल मखमली झंपर, गळ्यात फिरोजाच्या तीन माळा, केसांचा बुचडा पांढऱ्या लोकरीने असा घट्ट बांधलेला की वादळात एक केस हलू नये. पाच मुलं वाढवली तिने, आईचे हात थकल्यावर माग तिनेच चालता ठेवला, आणि तिच्या दारातून कुणी उपाशी गेल्याचं ऐकिवात नाही. बाई कशी असावी असं विचारलं तर आमचं गाव बोलत नाही, ताईच्या घराकडे बोट दाखवतं. तिच्या हाताखालून अकरा पोरी घडून गेल्या होत्या. ती उतरली, सहा घोंगड्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, "हात पुसलेस का? सीडरचा चीक लागेल त्यांना."

तिच्या मागोमाग, धुरळा पुरता खाली बसायच्या आत, रोलँडाचा पिकअप आला.

रोलँडा माझ्याहून पाच वर्षांनी लहान. मेसावरच्या, म्हणजे सपाट माथ्याच्या डोंगरावरच्या, कोळशाच्या खाणीत ट्रक चालवते. ट्रक म्हणजे आपला ट्रक नव्हे, त्याचं एक चाक माझ्या होगानच्या छपराला लागेल. रात्रपाळी संपवून ती थेट आली होती, डोळ्यांच्या कडांना अजून कोळसा होता. मागे नेहमीसारखे पाण्याचे दोन पिंप होते. आईच्या घरी नळ नाही, आणि गेली अकरा वर्षं दर शनिवारी ते पिंप रोलँडाच भरून आणते. पण आज सीटवर घडी केलेलं निळं मखमली झंपर होतं आणि त्यावर एक नवीकोरी घोंगडी.

मी घोंगडीवर बोट ठेवलं.

"रोली," मी म्हणालो, "ही कशाला?"

"घडवायला बोलावलंय ना मला."

"कुणी?"

"शांडीनने. परवा फोन केला. का रे, दादा?"

मी ताईच्या पिकअपकडे पाहिलं. रोलँडानेही पाहिलं. पुढे काही सांगावं लागलं नाही.

*

आम्ही दिने लोक, बाहेरचे आम्हाला नवाहो म्हणतात, मानतो की त्या चार दिवसांत पोरीचं अंग मळलेल्या पिठासारखं मऊ असतं. म्हणून पहिल्याच दिवशी तिला घोंगड्यांवर पालथी निजवतात आणि एक चांगली बाई डोक्यापासून टाचेपर्यंत तिला हातांनी दाबून घडवते. घडवणारीचे गुण पोरीत उतरतात. नुसते चांगलेच नव्हे, सगळेच उतरतात, म्हणून तर बाई पारखून घ्यायची. आणि एकदा बाईने हो म्हटलं की तिला नको म्हणणं, किंवा तिने मागे फिरणं, दोन्ही पोरीला बाधतं. इथे दोघींनी हो म्हटलं होतं. ताईला व्हर्नाने विचारलं होतं, रीतीप्रमाणे. रोलँडाला पोरीने, शाळेच्या ऑफिसातल्या फोनवरून.

होगानमध्ये काय झालं ते व्हर्नाने मला पुढे सांगितलं. आमच्या घरात गोष्ट आठवडाभर लपली तर आम्ही आजारी पडतो.

"कुणाला विचारून फोन केलास तू?" व्हर्नाने पोरीला धरलंच. पोर जात्यावर मका दळत होती. पहिल्या दिवसापासून दळायचं असतं, शेवटच्या रात्री जमिनीत भाजायच्या मक्याच्या केकचं सगळं पीठ तिच्याच हातचं लागतं.

"कुणाला विचारायचं असतं?"

"आईला विचारायचं असतं. मी जिवंत आहे अजून."

"घडायचं मला आहे ना, आई? मग मला कुणासारखं व्हायचंय हे मला नको विचारायला?"

व्हर्नाचा पारा चढला. ती दवाखान्यात नावं लिहून घ्यायला बसते, दिवसभर लोकांचं ऐकून घेते आणि घरी येऊन सगळं काढते. "कुणासारखं व्हायचंय? दोन नवरे गेले त्या बाईचे. पोरबाळ नाही. घरात चूल आठवड्यातून एकदा पेटते. केस बघ तिचे, बुचडासुद्धा बसत नाही. लोक काय म्हणतील, व्हर्नाला हीच मिळाली?"

पोरीने जात्यावरचा हात थांबवला नाही. एवढंच म्हणाली, "तुझ्या बहिणीबद्दल बोलतेयस तू."

व्हर्ना म्हणाली की तेव्हा तिला तिचीच लाज वाटली, पण माघार कशी घ्यायची ते कळेना. आणि आई? आई कोपऱ्यात बसून मक्याची पानं निवडत होती. तिने मान वर केली नाही. आमची आई गप्प बसली की समजायचं, तिच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे आणि ते तिला सांगायचं नाहीये.

*

रोलँडा पिकअपमधून उतरलीच नाही. मी शेजारी जाऊन बसलो.

"मी जाते परत," ती म्हणाली. "पिंप उतरवून घे."

"हो म्हटलंयस तू."

"तेच तर चुकलं. मी कशी हो म्हणाले, दादा? मला कुठे कुणी घडवलंय?"

हे मला ठाऊक होतं. घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं आणि एकोणतीस वर्षांत कुणी तोंडातून काढलं नव्हतं. बहात्तर साली रोलँडा शंभर मैलांवर वसतिगृहाच्या शाळेत होती. ऑक्टोबरात तिला न्हाण आलं. तिथल्या बाईंनी एक पुडा हातात दिला, चादर धुवायला लावली आणि इतर मुलींना सांगू नकोस म्हणाल्या. घरी कळलं ते नाताळात.

"दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले," ती समोरच्या काचेकडे बघत म्हणाली. हे मात्र मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "सगळ्या झोपल्या होत्या. म्हटलं, आपलं आपण करू. किनाल्दात धावतात तशी पूर्वेकडे धावले. मैदान संपेपर्यंत, तारेच्या कुंपणापर्यंत. हात लावला आणि परत आले. चार दिवस केलं. केस कुणी बांधणार? केस तर त्यांनी आधीच कापले होते."

मला रडू येत होतं. मी म्हणालो, "उशीर होतोय, झंपर घाल."

"ताईसमोर?"

"ताई काय खाते तुला?"

"तू येतोस का बरोबर?"

येतो म्हणालो. ताईसमोर उभं राहायची वेळ आली की मी लाकडं फोडायला जातो हे तिला ठाऊक होतं. तरी तिने झंपर घातलं.

*

घोंगड्या होगानच्या दारापुढे अंथरायच्या होत्या. तोवर पंधरा-वीस माणसं जमली होती, मटणाचा रस्सा उकळत होता, आणि सगळ्यांना सगळं कळलं होतं. असल्या वेळी आमची माणसं फार मन लावून कॉफी पितात.

ताईने रोलँडाला वरून खालपर्यंत पाहिलं. "निळा रंग शोभतो तुला," ती म्हणाली. ताई खोटं बोलत नाही, म्हणूनच तिची भीती वाटते. "पण रोली, तुला घडवलेलं नाही. तू पोरीला काय देणार? जे आपल्याला मिळालं नाही ते हातात येणार कुठून?"

"बरोबर आहे तुझं," रोलँडा म्हणाली.

"मी वाईट म्हणून बोलत नाही."

"ठाऊक आहे, ताई. तूच घडव तिला. मी पोरीची समजूत काढते."

मी घसा खाकरला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लाकडं..." मी म्हणालो आणि थांबलो. ही माझी त्या दिवसाची कामगिरी. पुढच्या पिढ्यांनी लिहून ठेवावी.

तेवढ्यात शांडीन बाहेर आली. अंगभर आजीचे दागिने, हात कोपरापर्यंत पिठाचे. ती नीट ताईसमोर जाऊन उभी राहिली.

"आयलीनमावशी, तू रागावू नकोस. तुझ्याहून चांगली बाई मला ठाऊक नाही."

"मग?"

"आजी म्हणते, बाईने सूर्याच्या आधी उठावं. रोलँडामावशी दिवसपाळीला साडेतीनला उठते. आजी म्हणते, बाईने लोकांना जगवावं. आजीच्या घरातलं पाणी कोण आणतं? बर्फ पडलं त्या वर्षी चाकांना साखळ्या बांधून कोण आलं होतं? आणि आल्यावर ती कधी सांगत नाही, मी आणलं म्हणून. पिंप उतरवते आणि जाते. मला तसं व्हायचंय." मग तिचा आवाज जरा कापला. "मला ट्रक नाही चालवायचा. तसं व्हायचंय फक्त."

रोलँडाने तोंड फिरवलं. आणि व्हर्ना, सकाळपासून ताईच्या बाजूने भांडणारी व्हर्ना, पुढे येऊन पोरीच्या शेजारी उभी राहिली.

"मीही तेच म्हणते," ती म्हणाली. "मघाशी मी भलतं बोलले."

ताईचा चेहरा उतरला. "म्हणजे मला बोलावलं कशाला, व्हर्ना? सहा घोंगड्या घेऊन मी काय बाजारात आले?"

"बस कर, आयलीन," आई म्हणाली.

आई केव्हा बाहेर आली ते कुणी पाहिलं नव्हतं. लाकडांमागे डेल्बर्टची टोपी झपकन खाली गेली. आईने काठी टेकली. बहात्तर वर्षांची बाई, पण आवाज मेंढरांमागे फिरलेला, टेकडीपलीकडे जाईल असा.

"हिला घडवलं नाही ते माझ्यामुळे," आई म्हणाली. "नाताळात ही घरी आली, मला सांगितलं. मी म्हणाले, आता उशीर झाला. उशीर झाला नव्हता. दुसऱ्या वेळेलाही करता येते किनाल्दा, सगळ्यांना ठाऊक आहे. पण बर्फ होतं, तुमचा बाप रेल्वेच्या कामावर होता, आणि पोर आली ती कापलेल्या केसांनी. मला लाज वाटली. ही पोर लोकांपुढे निजवू कशी, केस विंचरू कशी, असं वाटलं मला. पोरीची लाज वाटली मला, तिचा काही दोष नसताना. पुढे व्हर्नाला वेळेआधीच शाळेतून काढून घरी आणलं, ते चूक झाकायला. झाकली गेली नाही."

रोलँडा म्हणाली, "आई, राहू दे."

"का राहू दे? एकोणतीस वर्षं राहू दिलं." आईने सगळ्या माणसांकडे पाहिलं. "ही माझी मुलगी आहे. हिच्या पाण्यावर मी जगते. मला हिचा अभिमान वाटतो. हे मी कधी हिला म्हटलं नाही, आज सगळ्यांसमोर म्हणते."

कॉफीचे कप सगळे खाली गेले होते.

मला वाटलं आता ताई घोंगड्या उचलून निघणार. ती आईकडे वळली. मग हळू आवाजात म्हणाली, "आणि मी?"

"तू काय?"

"शाळेचा ट्रक आला तेव्हा मला ओढ्यात लपवलंस तू. सात वर्षांची होते. तोंडावर हात ठेवलास. माग चालवायला, मेंढरं राखायला एक मुलगी घरी हवी म्हणून. रोलीला पाठवलंस, मला ठेवलंस. माग शिकले, सगळं शिकले. सगळे म्हणतात, बाई असावी तर आयलीनसारखी. माझ्या नातवंडांची पुस्तकं मी उलटी धरते, आई. ती हसतात, मीही हसते. मला कुणासारखं व्हायचं होतं हे मला कुणी विचारलं?"

आईने ताईचा हात धरला, आणि ताईने तो सोडवला नाही. एवढंच झालं. मी इतकी वर्षं ताईला पाहत आलो, आणि तिला काही हवं असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मेंढ्यासारखा भाऊ मी.

मग ताईने नाक पुसलं, बुचडा चाचपला आणि घोंगड्या अंथरायला घेतल्या. एकावर एक, सहा. सगळ्यांत वर रोलँडाची नवी. कडा ओढून सरळ केल्या.

"नीज," ती म्हणाली.

शांडीन पुढे झाली.

"तू नाही. थांब जरा तू." ताई रोलँडाकडे वळली. "तू नीज."

"मी?" रोलँडा म्हणाली. "ताई, एक्केचाळीस वर्षांची आहे मी."

"अंग मऊ राहिलंय की कडक झालंय ते माझ्या हाताला कळेल. अकरा पोरी केल्या मी, तू मला नको शिकवूस. नीज."

गर्दीतली एक म्हातारी कुजबुजली की असं कुठे असतं का. आईने तिच्याकडे नुसतं पाहिलं. म्हातारीने परत कॉफी घेतली.

रोलँडाने बूट काढले. घोंगड्यांवर पालथी पडली, हात अंगाशी. ताई गुडघ्यांवर बसली, तिचे गुडघे कडकडलेले मला लांबून ऐकू आले. तिने रोलँडाच्या डोक्यावर हात ठेवले, मग मानेवर, मग खांद्यांवर.

"दगड आहे नुसता," ताई म्हणाली. "काय चालवतेस, ट्रक की डोंगर?"

घोंगडीत तोंड खुपसून रोलँडा हसत होती. मग ती हसत नव्हती. ताईचे हात थांबले नाहीत. पाठ, कंबर, मांड्या, पोटऱ्या, टाचा. मी ताईला अकरा वेळा घडवताना पाहिलंय, पण इतक्या सावकाश कधीच नाही. मक्याचं पीठ ती असं मळते, घाई केली तर बिघडेल म्हणून. दाबता दाबता ती पुटपुटत होती. शेवटी तिने गवताच्या काड्यांची फणी घेतली आणि ते आखूड केस विंचरले. बुचडा बसेना. तिने स्वतःच्या बुचड्याची पांढरी लोकर सोडली, मागचे चार-पाच इंच केस मुठीत गोळा केले आणि तीच लोकर घट्ट गुंडाळून गाठ मारली. तिचे स्वतःचे केस पाठभर मोकळे झाले. ताईला मोकळ्या केसांनी मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

"ही बारावी," ती म्हणाली. "ऊठ. आता तुझ्या पोरीला बघ."

मग शांडीन निजली आणि रोलँडाने तिला घडवलं. खाणीत भली मोठी यंत्रं वळवणारे हात, पण पोरीच्या खांद्यावर ते तिने हळूच ठेवले. व्हर्ना शेजारी बसून रडत होती, नाक ओढत सूचना देत होती, आणि कुणी तिचं ऐकत नव्हतं. पोरीने डोळे मिटले होते. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला लिहून सांगता येत नाही. माझी भाची आहे ती, आणि मला छाती फुटेल इतका अभिमान वाटला.

घडवून झालं की पूर्वेकडे धावायचं. शांडीन उठली आणि निघालीच. शाळेच्या संघातली पोर ती, दागिने वाजत खडकाळ रस्त्यावरून दिसेनाशी झाली. मागून पोरं-बायका ओरडत धावली.

आईने काठीने रोलँडाच्या पायाला टोचलं.

"तू का उभी? घडवलंय ना तुला?"

रोलँडाने आईकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. बूट घालायचंही सुचलं नाही तिला. मोज्यांवरच निघाली. रात्रभर ट्रक चालवलेली बाई, एक्केचाळीस वर्षांची, निळं झंपर, डोक्यामागे पांढऱ्या लोकरीची गाठ. ती पोरांच्या मागून, बायकांच्या मागून, सगळ्यांच्या शेवटी धावत होती, आणि आई डोळ्यांवर हात धरून तिच्याकडे बघत होती. शांडीन परत येऊन तिच्या शेजारून गेली तरी आईची नजर हलली नाही. रोलँडा ओढा ओलांडून पलीकडच्या चढावर गेली, तिथे वळली आणि परत आली. आली तेव्हा धाप लागून ती दुमडलीच, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"कुठपर्यंत गेलीस?" आईने विचारलं.

"चढावर," ती म्हणाली. "पिन्यॉनच्या मोठ्या झाडापर्यंत."

चारही दिवस धावायचं असतं, आणि रोज आदल्या दिवसाहून लांब. आईने मान हलवली, पोरीला सांगतात तसं सांगितलं.

"उद्या त्याच्या पुढे."

"आई, उद्या मला कामावर..."

"उद्या त्याच्या पुढे," आई म्हणाली, आणि तिला आत जेवायला घेऊन गेली.